पोटाला गार पडतं तेव्हा

मुळशीत पौड ओलांडून पश्चिमेकडे निघालं, की श्रावणात घरोघरी एकच तक्रार कानी येते, "पोटाला गार पडलंय." भूक मेलेली असते. दोन घास खाल्ले, की गुबारा धरतो. ताक प्यालं, की बेंबीभोवती कळ येते आणि सकाळी दोन-तीनदा परसाकडे धावावं लागतं. ताम्हिणीच्या माथ्यावर वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. सरपण ओलं, अंथरूण दमट. अशा दिवसांत पोट गारठलं असं कुणी म्हटलं, तर मला त्याचं नवल वाटत नाही.

पोटाच्या आतली ऊब मात्र खरोखर उतरत नाही. प्यालेलं गार पाणी अर्ध्या तासाच्या आत शरीराइतकं, म्हणजे 37 अंशांच्या आसपास येतं. बिघाड असतो तो हालचालीचा आणि नसांचा. जठर रेंगाळतं आणि आतड्यांच्या नसा इतक्या हळव्या होतात, की एरवी जाणवणारही नाही असा वायू कळ होऊन दुखतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सहाव्या अध्यायात ऋतुचर्या सांगितली आहे. पावसाळ्यात अग्नी दुर्बळ होतो, म्हणून जुनं धान्य खावं आणि तापवून निववलेलं पाणी प्यावं, असं तिथं म्हटलंय. चिनी वैद्यकातही गार पोटाची कल्पना आहे आणि तिथला उपायही आपल्या ओळखीचाच, आलं.

मुळशीच्या माणसाचा खरा उपाय मात्र पातेल्यात असतो. इथल्या आंबेमोहर तांदळाला भौगोलिक मानांकन आहे. पण मानांकनाच्या कितीतरी आधीपासून बाळंतिणीला, आजाऱ्याला आणि दात पडलेल्या म्हाताऱ्याला त्याचीच पेज मिळत आली आहे. एक वाटी कणीला आठ वाट्या पाणी, चिमूटभर मीठ, जिरं आणि वर अर्धा चमचा तूप. तांदळाचा स्टार्च लहान आतड्यातच जवळजवळ पुरता शोषला जातो. मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना फारसं काही उरत नाही, त्यामुळे वायू कमी धरतो. ढाळ लागलेल्याला तर पेज दुहेरी उपयोगी पडते. स्टार्च पचताना ग्लुकोज सुटतं आणि त्याच्या सोबतीनं मीठ-पाणी आतड्यातून रक्तात ओढलं जातं. 1971 साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पटकीच्या रुग्णांना साखर-मिठाचं पाणी पाजून वाचवलं, ते याच तत्त्वावर.

पेजेखालोखाल सुंठ. आल्यानं जठर लवकर रिकामं होतं, हे चाचण्यांतही दिसलं आहे. ओव्यात थायमॉल असतं. चिमूटभर ओवा-मीठ चावून वर कोमट पाणी प्यालं, की पुष्कळांना उतार पडतो. गरम पाण्याच्या पिशवीनं पोट शेकलं, की आवळलेले स्नायू सैल होतात. इथल्या रानात पिळवटलेल्या दोरीसारखी मुरडशेंग मिळते. बाळगुटीत ती उगाळतात आणि मुरड्यावर देतात. हुलग्याचं माडगं थंडीत छान लागतं, पण हळव्या पोटाला त्यानं वायू धरू शकतो. मी तरी ते पोट सावरल्यावरच पितो.

आता एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. मी स्वतः दोन पावसाळे सुंठ-गूळ खात राहिलो आणि सगळा दोष गारठ्याला दिला. शेवटी शौचाची तपासणी केली, तेव्हा जिआर्डिया निघाला. पाण्यातून येणारा परजीवी तो, सुंठीला काय दाद देणार? जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात गियाँ-बारे विकाराची साथ आली. संशयित रुग्ण दोनशेवर गेले आणि काहींच्या शौचात कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला. जुलाबाचा साधा आजार नसांपर्यंत पोचू शकतो, हे तेव्हा शहराला कळलं. शिवाय अशा संसर्गातून उठलेल्या दहांतल्या एकाचं पोट पुढं कित्येक महिने हळवंच राहतं. दर पावसाळ्यात "गार पडणाऱ्या" पोटामागं पुष्कळदा हंड्यातलं पाणी असतं. कुणाला दुधातली साखर पचत नसते, तर कुणाची थायरॉइड ग्रंथी मंदावलेली असते आणि त्याला सगळ्या अंगालाच गारवा सोसत नाही.

शौचातून रक्त जात असेल, वजन उतरत असेल, ताप असेल, रात्री कळेनं जाग येत असेल किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच पोट असं वागू लागलं असेल, तर ओव्याचा डबा बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावं. त्यात उशीर नको.

आमच्या घरी आता आषाढ लागला, की चुलीवर आधी पाण्याचा हंडा चढतो. तो खळखळून उकळला, की त्याच पाण्यात पेजेची कणी पडते.