अजून किती दिवस?

माप घ्यायचं ते ताणून. पेशंटला उताणं झोपवायचं, शिश्नाचं टोक बोटांत धरून दुखणार नाही इतपत सरळ वर ओढायचं आणि पट्टीचं टोक ओटीपोटाखालच्या हाडाला टेकेपर्यंत चरबीत दाबायचं. घरच्या घरी माप घेणाऱ्यांची गफलत बहुधा इथेच होते. ते पट्टी नुसती कातडीवर ठेवतात आणि पोट सुटलेलं असलं, तर बरीच लांबी चरबीतच राहते. शिवाय मान खाली घालून पाहिलं की प्रत्येकाला आपलं आखूडच दिसतं.

आम्हा मूत्रविकारतज्ज्ञांच्या ओपीडीत हा विषय सरळ निघत नाही. केसपेपरवर ‘लघवीला जळजळ’ असतं. तपासून झालं, उठायची वेळ आली की पंचविशीतला, लग्न ठरलेला मुलगा दाराकडे बघत म्हणतो, “डॉक्टर, अजून एक विचारायचं होतं.” मोबाइलवर बघून तो रोज ‘व्यायाम’ करत असतो : तेल लावायचं, अंगठा आणि तर्जनीचं कडं करायचं, मुळापासून टोकाकडे पिळत न्यायचं. काही महिने झाले, फरक नाही. अजून किती दिवस करू?

त्याचं माप घेतलं, तर ताणून १२ सेंटिमीटर भरतं. २०१५ साली १५,५२१ पुरुषांची मापं एकत्र करून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळी मापं आरोग्य कर्मचाऱ्यांनी घेतलेली. ताणलेल्या अवस्थेतली सरासरी निघाली १३.२४ सेंटिमीटर, ताठर अवस्थेतली १३.१२. हा मुलगा अगदी चारचौघांसारखा आहे. ताणूनही साडेसातच्या आत असेल, तर आम्ही उपचारांचा विचार करतो, आणि तशी माणसं फार थोडी. आकडा ऐकल्यावर काहींचे खांदे सैल पडतात. काहींना तो पटतच नाही. अशांशी मी पुन्हा बोलतो, वेळ लागला तरी.

व्यायामाने दंडावर बेटकुळी येते, कारण तिथे स्नायू असतो. शिश्नाची लांबी मात्र व्यायामाने वाढणाऱ्या स्नायूची नसते. आत स्पंजासारख्या दोन नळ्या आणि त्यांच्याभोवती चिवट पांढरं आवरण. पिळल्यावर थोडी सूज येते, तीच वाढ वाटते आणि थोड्या वेळाने उतरते. जोर केला तर काळेनिळे डाग, बधिरपणा. आवरणाला इजा झाली तर तिथे वण धरतो आणि ताठरता आली की वाक दिसतो. अशा पिळण्याने कायमची लांबी वाढते, याला भरवशाचा पुरावा नाही.

सतत हलका ताण दिला तर ऊतक हळूहळू वाढतं, हे खरं. पण त्याला किती वेळ लागतो ते पाहा. मुळाशी एक कडं, दोन्ही बाजूंना स्क्रूने लांबवायच्या दांड्या, टोकामागे मऊ पट्टा, असं साधन मिळतं. इटलीतल्या तुरीनच्या डॉक्टरांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुरुषांनी ते रोज किमान ४ तास, ६ महिने लावलं. म्हणजे सातशेहून जास्त तास. सरासरी वाढ शिथिल अवस्थेत २.३ सेंटिमीटर, ताणून १.७, जाडीत म्हणण्यासारखा फरक नाही. पेशंटही थोडेच होते. धडधाकट मुलाला मी हे साधन लिहून देत नाही. त्याला पिळणं बंद करायला सांगतो आणि पोट सुटलेलं असेल तर वजन उतरवायला. चरबीत दडलेली लांबी त्याने खरोखरच मोकळी होते.

आकार वाढवण्याचा दावा कुठल्याही औषधाला करता येत नाही, हे औषध नियमांच्या ‘जे’ अनुसूचीत स्पष्ट आहे. तरी भिंतींवरच्या जाहिराती आहेतच, आणि या मुलांचे पगार तिकडे जातात याचा मला संताप येतो.

ताणाचं साधन मी देतो ते पेरोनीच्या आजारात. फ्रान्सच्या पंधराव्या लुईचे शल्यवैद्य पेरोनी यांनी १७४३ साली याचं वर्णन केलं : आवरणात कडक चकती तयार होते, शिश्न वाकतं, आखडतं. माझे एक पेशंट पन्नाशीतले आहेत. पहाटे सगळे झोपेत असताना सैल पायजम्यात ते साधन चढवतात, उरलेले तास संध्याकाळी भरून काढतात. मधूनमधून काढून टोकाचा रंग बघायचा; निळसर किंवा गार लागलं तर त्या दिवशी पुन्हा लावायचं नाही; झोपेत तर कधीच नाही. वाक मोजायला ताठर अवस्थेतला फोटो लागतो. तो दाखवताना सुरुवातीला त्यांना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आता स्वतःच कोनमापक लावून आकडा वहीत लिहून आणतात. तिसऱ्या महिन्यात वाक थोडा उतरला होता, लांबी घटलेली नव्हती. दांड्या किंचित वाढवून दिल्या आणि पुढचे तीन महिने चालू ठेवायचं ठरलं.