अधिक स्वर

तंतुवाद्यांच्या कुळात युकुलेली हे शेंडेफळ. चार तारा, इवलेसे पोट, आणि आवाज असा की ऐकणाऱ्याला आधी हसूच यावे. 1879 मध्ये पोर्तुगालच्या मदीरा बेटावरील मजुरांना घेऊन रेव्हन्सक्रॅग नावाचे जहाज होनोलुलूला लागले. त्यांच्याबरोबर आलेल्या छोट्या वाद्याची त्यांच्यातल्याच सुतारांनी युकुलेली घडवली. समुद्रकिनारा आणि हलकीफुलकी गाणी एवढेच तिचे जग, असा पुढे समज झाला. 1957 मध्ये लाइल रिट्झ या अमेरिकन वादकाने तिच्यावर जॅझची अख्खी तबकडी मुद्रित केली आणि तो खोडून काढला.

मी कॉलेजात मराठी शिकवतो. जॅझशी माझी सोयरीक जुळली ती अकरावीत शिकणाऱ्या कन्येमुळे. तिने हौसेने युकुलेली आणली आणि जॅझसाठी कॉर्डचे एक पुस्तकही. त्यात पानोपानी चौकटी आणि ठिपके. बोटे कोठे ठेवायची ते सांगितलेले. का ठेवायची, याचा उल्लेख नाही. महिनाभर घोकंपट्टी करून एके दिवशी तिने वाद्य कपाटावर टाकले आणि जाहीर केले, "बाबा, मला संगीताचं डोकंच नाही."

'संगीता'च्या जागी 'व्याकरण' घातले की हेच वाक्य मी वर्गात वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे. सोळा वर्षांच्या मुलीने स्वतःविषयी असा कायमचा निकाल देऊन टाकावा, हे मला फार लागले. मग आम्ही दोघांनी त्या ठिपक्यांमागचे व्याकरण शोधायला घेतले. ते सापडले एका सप्तकात. खरे म्हणजे अष्टकात!

बीबॉप ही जॅझची 1940 च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये घडलेली शैली. चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पी ही तिच्यातली मोठी नावे. तिची लय बहुधा द्रुत, आणि एका मात्रेत दोन-दोन स्वर. म्हणजे चार मात्रांत स्वर बसणार आठ आणि सप्तकात असतात सात. सा पासून सरळ चढत गेलात, तर वरचा सा मात्रेवर न पडता दोन मात्रांच्या मध्येच पडतो. यावर तोड म्हणजे आठवा स्वर. मायनर बीबॉप म्हणून दोन-तीन प्रकार सांगतात. आम्ही घेतला तो असा: सा, रे, कोमल ग, म, प, कोमल ध, शुद्ध ध, नी. यातला कोमल ध वगळला, तर उरलेले स्वर पटदीप ऐकणाऱ्यांच्या ओळखीचेच आहेत.

आपल्या पंचांगात अधिक मास हेच काम करतो. चांद्र वर्ष सुमारे अकरा दिवसांनी तोकडे पडते. मधूनमधून एक जादा महिना घातला म्हणून दिवाळी पावसाळ्यात न जाता शरदातच राहते. तसाच हा अधिक स्वर. तो आला की सा, कोमल ग, प आणि शुद्ध ध नेमके मात्रेवर येतात. रे, म, कोमल ध आणि नी मधल्या जागा धरतात.

आता खरी गंमत. मात्रेवरचे चार स्वर एकदम छेडले की मायनर सिक्स्थ कॉर्ड होते, मधले चार छेडले की डिमिनिश्ड. चार स्वर आणि चारच तारा! पाश्चात्त्यांचा सी आपण सा धरू. युकुलेलीच्या मोकळ्या तारा मग प, सा, ग, ध अशा बोलतात. आपल्या चेहऱ्याजवळच्या तारेपासून पडदे मोजून बोटे 2-3-3-3 अशी ठेवा. ही झाली सी मायनर सिक्स्थ. प्रत्येक तारेवरचा स्वर त्या अष्टकात एकेक पायरी चढवा: 4-5-4-5, डिमिनिश्ड. पुन्हा एक पायरी: 5-7-5-6. मायनर सिक्स्थ परत आली, फक्त स्वरांनी जागा बदलल्या. पुढे 7-8-7-8, पुन्हा डिमिनिश्ड. घर, अंगण, घर, अंगण अशी ही चाल. अंगणात पाऊल पडले की कानाला घराची ओढ लागते. डेट्रॉइटचे पियानोवादक बॅरी हॅरिस (1929–2021) यांनी ही रीत शिष्यांना वर्षानुवर्षे शिकवली.

माझ्यातल्या मास्तराला आणखी एक गोष्ट भावली. तीच 2-3-3-3 वाजत असताना शेजारच्या बासवाल्याने एफ, म्हणजे आपला म, लावला की तिचा अर्थ एफ नाइन्थ होतो. शब्द तोच, वाक्य बदलले की अर्थ बदलतो.

कन्येने वाद्य कपाटावरून काढले. चार दिवसांनी तिने मला न विचारता सगळी साखळी दोन पडदे वर सरकवली: 4-5-5-5, 6-7-6-7. डी मायनर! त्या चौकटी पुस्तकातही असतील, पण तिने त्या शोधल्या नव्हत्या; तिला त्या कळल्या होत्या. लय अजून ढिली आहे, डिमिनिश्डला करंगळी अडखळते. मात्र डोके नसल्याची तक्रार नाही.

घरी युकुलेली असेल, तर वाचकांनीही या चार जागा संथ लयीत वाजवून पाहाव्यात. पायाने मात्रा धरावी, पाऊल पडेल तेव्हा सिक्स्थ, उचलेल तेव्हा डिमिनिश्ड. घाई करू नये. शेजाऱ्यांना थोडी कल्पना देऊन ठेवावी.