अवघड सकाळी, सोपं दुपारी

पहाटे पाच. अजिंठ्याच्या टी-पॉइंटवर लेण्यांच्या बसगाड्या अजून लागलेल्या नाहीत. डोकं ताजं आहे, तेव्हा अवघड प्रॉब्लेम आत्ताच. कोडफोर्सेस या प्रोग्रामिंग स्पर्धांच्या साइटवर माझं रेटिंग 1400 च्या आसपास, म्हणून 1600 चा एकच उघडतो. प्रॉब्लेमचं रेटिंग आपल्याइतकं असेल तर कॉन्टेस्टमध्ये तो सुटण्याची शक्यता निम्मी. 200 नं वरचा साधारण चारातून एकदा सुटतो, 400 नं वरचा अकरातून एकदा. त्याहून वरच्याशी झुंजण्यात मर्दुमकी वाटते, पण शेवटी हाती एडिटोरियल, म्हणजे छापील उकलच येते. आणि वाचून पटलं म्हणजे उद्या सुचेल, असं मुळीच नाही.

आजचा डायनॅमिक प्रोग्रामिंगचा आहे. लॅपटॉप मिटून वही घेतो. तीन आकड्यांचं, मग चार आकड्यांचं उदाहरण हातानं सोडवतो. सव्वासहाला कुठे दिसतं की मोजणी शेवटाकडून करायची. सातला उत्तर 'ॲक्सेप्टेड'.

नऊला लेणी उघडतात. शनिवारची गर्दी, तीनपर्यंत घरच्या स्फटिकांच्या दुकानावर.

साडेतीन. अंग दमलेलं. आता 800 ते 1000 चे, घड्याळ लावून, एकापाठोपाठ एक. सोप्यांना पोरं कमी लेखतात, हे मला खटकतं. आयसीपीसी या कॉलेजांच्या प्रोग्रामिंग स्पर्धेत सुटलेल्या प्रॉब्लेमवरच्या प्रत्येक चुकीच्या सबमिशनला 20 मिनिटांचा दंड बसतो. बेरीज दोन अब्जांपुढे जाणार हे ओळखून इंटऐवजी लाँग लाँग घेणं, रिकामी केस तपासणं, ही सवय हाताला सोप्यांतूनच लागते.

साडेपाच. जपानात रात्रीचे नऊ. ॲटकोडर या तिथल्या साइटची बिगिनर कॉन्टेस्ट सुरू. 100 मिनिटं, ए ते जी सात प्रॉब्लेम, सोपं-अवघड एकाच ताटात. धाकटी बहीण शेजारी बसते.

"दादा, मी पहिले दोनच करू?"

"तीन कर. चौथा नुसता वाचून ठेव."

ई पर्यंत पोचतो, एफ राहतो.

जेवण झाल्यावर एफ पुन्हा. मग वहीत प्रत्येक प्रॉब्लेमपुढे एक ओळ: कल्पना अडली की कोड चुकला? कोड चुकत असेल तर सोपे वाढवायचे, कल्पना अडत असेल तर अवघड. सध्या कल्पनाच अडते आहे. म्हणून उद्या दुपारचा अर्धा वेळ 1500 च्या प्रॉब्लेमांना.