उन्हाचें मलम आणि ‘ड’ जीवनसत्त्व

सनस्क्रीन नांवाचें मलम लावल्यावांचून उन्हांत पाऊल टाकूं नये, असा उपदेश हल्लीं घरोघरीं ऐकूं येतो. आणि त्याच घरांत रक्ततपासणीचा कागद हातीं येऊन ‘ड’ जीवनसत्त्व कमी असल्याचें कळतें. मग या उणिवेचें मूळ त्या मलमांतच तर नसेल ना, अशी शंका येते. शंका रास्त आहे.

त्वचेंत कोलेस्टेरॉलच्या जातीचें एक द्रव्य असतें. सूर्याच्या अतिनील किरणांपैकीं आंखूड लांबीचे किरण त्यावर पडले म्हणजे त्यापासून हें जीवनसत्त्व तयार होऊं लागतें. अन्नांतील कॅल्शियम आंतड्यांतून रक्तांत शोषून घेण्यास तें लागतें. तें न मिळाल्यास मुलांस मुडदूस होतो व मोठ्यांचीं हाडें मऊ पडतात. गोम अशी कीं, जे किरण हें जीवनसत्त्व घडवितात, तेच कातडी भाजतात व पुढें कर्करोगासहि कारण होतात. एकच किरण एका कामासाठीं आंत सोडावा आणि दुसऱ्यासाठीं अडवावा, हें कोणत्याहि मलमास साधणारें नाहीं.

३० अंकाचें मलम भरपूर लावल्यास भाजणाऱ्या किरणांचा सुमारें तिसावा हिस्साच आंत शिरतो. या हिशेबानें जीवनसत्त्वाची निर्मिति जवळजवळ बंदच पडावयास हवी. प्रत्यक्षांत तसें होत नाहीं. कारण प्रयोगशाळेंतल्याइतका जाड थर कोणी लावीत नाहीं. बहुतेक लोक निम्म्याहूनहि कमी लावतात, मान व कान विसरतात, घाम आला कीं पुसून टाकतात. हा निष्काळजीपणा हाडांच्या पथ्यावरच पडतो म्हणावयाचा!

या प्रश्नाचा खरा कस लागला तो ऑस्ट्रेलियांत. ब्रिटन वगैरे देशांतून आलेल्यांची गोरी त्वचा आणि तेथलें प्रखर ऊन यांची गांठ पडल्यामुळें तेथें त्वचेचा कर्करोग फार. क्वीन्सलंडमधील नांबूर गांवीं १९९२ ते १९९६ या काळांत १,६२१ लोकांवर प्रयोग झाला. मेलॅनोमा हा त्वचाकर्करोगाचा सर्वांत घातक प्रकार. २००६ पर्यंत तो रोज मलम लावणाऱ्यांपैकीं ११ जणांस, तर मर्जीप्रमाणें लावणाऱ्यांपैकीं २२ जणांस झालेला आढळला. आंकडे लहान आहेत, तरी दुर्लक्षिण्याजोगे नाहींत.

हाडांच्या बाजूनें पाहतां, व्हिक्टोरियांतील ११३ लोकांवरचा एक प्रयोग १९९५ सालीं प्रसिद्ध झाला. कांहींना खरें मलम व कांहींना नुसतें दिखाऊ मलम दिलें होतें. उन्हाळ्याअखेर दोहोंचेंहि जीवनसत्त्व जवळजवळ सारखेंच वाढलें. परंतु तें मलम १७ अंकाचें, म्हणजे सौम्य. ५० अंकाचें मलम नेमानें वर्षभर लावून घेतलेला प्रयोग २०२५ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत नेमानें लावणाऱ्यांपैकीं शेंकडा ४६ जणांत उणीव दिसली, आणि मर्जीनुसार वागणाऱ्यांत शेंकडा ३७. फरक आहे, परंतु गोऱ्या माणसानें मलम टाकून द्यावें इतका नाहीं. गोळी घेऊन तो भरून काढतां येतो.

सांवळ्या त्वचेची गोष्ट निराळी. तिच्यांतील मेलॅनिन हें रंगद्रव्य निसर्गदत्त मलमच होय. म्हणून २०२४ सालच्या ऑस्ट्रेलियांतील मार्गदर्शनांतहि गोऱ्या, गव्हाळ व काळ्या त्वचेस एकच नियम लावलेला नाहीं. गडद वर्णाच्या लोकांनीं बराच वेळ बाहेर राहावयाचें नसेल तर रोज मलम लावण्याची गरज नाहीं, असें त्यांत सांगितलें आहे. याच रंगद्रव्यामुळें अशा त्वचेस जीवनसत्त्व बनविण्यास अधिक वेळ ऊन लागतें.

तेव्हां मुंबई-पुण्याच्या घरांतील उणिवेचा दोष मलमाच्या माथीं मारण्यापूर्वीं दिनचर्या पाहिली पाहिजे. बंद कचेरी, बंद मोटार, कांचेची खिडकी! कांचेंतून ऊब येते, पण हे आंखूड किरण येत नाहींत. सकाळचें कोवळें ऊन सुखावह खरें. परंतु सूर्य क्षितिजाजवळ असतां हे किरण वातावरणांतच अडतात. स्वतःची सांवली उंचीपेक्षां आंखूड झाली म्हणजे किरण पुरेसे समजावे. अशा वेळीं हात-पाय उघडे ठेवून थोडा वेळ, कातडी तांबूस वा गरम होण्यापूर्वींच सांवलींत परतावें. कोड असलेल्यांनीं, किंवा ऊन सोसत नाहीं अशीं औषधें घेणाऱ्यांनीं मात्र मलम सोडूं नये. त्यांनीं उणीव गोळीनेंच भरून काढावी, तीहि वैद्यास विचारून, कारण हें जीवनसत्त्व फाजील झालें तर रक्तांतील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांस इजा होते.