अर्थाआधी कृती : अमेरिकेतील कॅथलिक बालवर्ग

अमेरिकेतील कॅथलिक शाळा प्रामुख्याने पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतील भाविकसमुदायाच्या आधाराने वाढल्या. सार्वजनिक शाळांचे वळण प्रोटेस्टंट आहे अशी धारणा असलेल्या बिशपांनी १८८४ साली बाल्टिमोर येथील तिसऱ्या महासभेत प्रत्येक पॅरिशने दोन वर्षांत आपली शाळा काढावी असा आदेश दिला. या शाळांत पहिलीच्या आधीचे वर्ष किंडरगार्टनचे, म्हणजे साधारणतः पाच ते सहा वर्षे वयाच्या मुलांच्या बालवर्गाचे असते. अभ्यासक्रमाची चौकट बहुधा डायोसीस, म्हणजे बिशपच्या अधिकाराखालील धर्मप्रांत, आखून देतो.

लौकिक विषयांत हा वर्ग सार्वजनिक शाळेपेक्षा फारसा वेगळा नाही. अक्षर आणि ध्वनी यांची सांगड घालणे, छोटे शब्द जोडून वाचणे, शंभरपर्यंत मोजणे आणि दहाच्या आतली बेरीज-वजाबाकी करणे, एवढे वर्षअखेर अपेक्षित असते. फ्रोबेलने १८३७ साली जर्मनीत बालशिक्षणाचा जो पाया घातला, त्याला अनुसरून मूल आधी सात ठोकळे हाताळते आणि मग सातचा अंक गिरवते. कृती आधी आणि अर्थ मागाहून, हा क्रम धर्मशिक्षणातही पाळला जातो, आणि या वर्गाचे खरे वैशिष्ट्य त्यातच आहे.

सुरुवात क्रूसाच्या खुणेने होते. उजवा हात कपाळावरून छातीवर, तेथून डाव्या आणि शेवटी उजव्या खांद्यावर न्यायचा असतो. डावे-उजवे नुकतेच उमगू लागलेल्या मुलाला हे सोपे नसते, आणि समोर उभ्या असलेल्या शिक्षिकेचे पाहून केले तर बाजू उलटतात, म्हणून तिला ती खूण आरशातल्यासारखी करून दाखवावी लागते. खुणेबरोबर पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा ही नावे ओठी बसतात. एकाच देवाचे हे त्रैक्य समजावून सांगण्याची घाई मात्र कोणी करत नाही.

उपासनावर्ष, म्हणजे ख्रिस्ताच्या जीवनातील घटनांभोवती गुंफलेले चर्चचे पंचांग, वर्गाला वर्षभराची लय देते. नाताळपूर्वीच्या आगमनकाळात हिरव्या डहाळ्यांच्या वर्तुळात तीन जांभळ्या आणि एक गुलाबी अशा चार मेणबत्त्या मांडतात, दर आठवड्याला एक जास्त उजळतात आणि गुलाबीची पाळी तिसऱ्या आठवड्यात येते. यातून मोजणी, क्रम आणि वाट पाहणे या तिन्ही गोष्टी मूल एकदमच शिकते. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात अनेक वर्गांत ‘राइस बोल’ नावाची कागदी पेटी येते; १९७५ साली पेनसिल्व्हेनियातील ॲलनटाऊन येथे सुरू झालेल्या या उपक्रमात मुले गरजूंसाठी नाणी साठवतात.

काही शाळांनी सोफिया कॅव्हालेटी आणि जियाना गोब्बी यांनी १९५४ साली रोममध्ये विकसित करण्यास आरंभ केलेली ‘उत्तम मेंढपाळ’ ही पद्धत स्वीकारली आहे. ताराबाई मोडकांच्या कार्यामुळे मराठी वाचकाला परिचित असलेल्या माँटेसरी विचारावरच ती आधारलेली आहे. ‘एट्रियम’ नावाच्या खोलीत मुलांच्या उंचीची वेदी, छोटा चषक आणि लाकडी मेंढरांचा वाडा असतो. शिक्षिका बायबलमधील दृष्टांत सांगत मेंढरे हलवते आणि ही मेंढरे कोण असावीत असे विचारते, पण उत्तर स्वतः देत नाही.

या संयमामागे चर्चचा नियमही आहे. पोप दहावे पायस यांनी १९१० साली प्रथम कम्युनियनसाठी, म्हणजे ख्रिस्तप्रसाद पहिल्यांदा ग्रहण करण्यासाठी, सुमारे सातव्या वर्षी येणारी समज हा निकष ठरवला. प्रथम कम्युनियनची औपचारिक तयारी सहसा दुसरीत होत असल्याने बालवर्गावर सिद्धांत पढवण्याचे ओझे राहत नाही.

भारतातील कॉन्व्हेंट शाळांची स्थिती निराळी आहे. तेथे बिगरख्रिस्ती विद्यार्थी मोठ्या संख्येने असतात आणि राज्यघटनेच्या अनुच्छेद २८ नुसार मान्यताप्राप्त वा अनुदानित संस्थेत संमतीवाचून धर्मशिक्षण देता येत नाही. त्यामुळे इतरांसाठी नीतिशिक्षणाचा वेगळा तास ठेवण्याची प्रथा पडली.

अमेरिकेतील बालवर्गासारख्या, अर्थ पुढे ढकलणाऱ्या शिक्षणात कृती नुसतीच सवय होऊन बसण्याचा धोका असतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६५ सालच्या शिक्षणविषयक घोषणापत्राने आईवडिलांनाच मुलाचे पहिले आणि मुख्य शिक्षक मानले आहे. त्यामुळे वर्गात जडलेल्या सवयीला अर्थ लाभावा ही जबाबदारी एकट्या शाळेची राहत नाही, आणि घरी क्रूसाच्या खुणेला स्थान नसेल तर शाळेची सगळी तयारी अपुरी पडते.