ताप डोक्यात गेला : ग्रामीण मेंदूविकारांची गणती आणि भाषा

खेड्यात मेंदूचे व मज्जासंस्थेचे जंतुसंसर्ग किती प्रमाणात आढळतात, या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सरळ नाही. बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ संस्थेतील गौरीदेवी व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या परिसरातील १,०२,५५७ माणसांची घरोघर पाहणी केली; तिचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. दर लाख वस्तीमागे मज्जासंस्थेचे विकार असलेली माणसे शहरी भागात २,१९०, तर ग्रामीण भागात ४,०७० आढळली. अपस्माराचे प्रमाण शहरात हजारी ५.७ आणि खेड्यात ११.९ होते.

या आकड्यांत संसर्ग मात्र सहजी दिसत नाही. अशी पाहणी त्या वेळी विकार घेऊन जगत असलेल्यांची मोजदाद करते. मेंदूज्वर तोवर थांबत नाही. १९६५ साली नागपूरजवळच्या चांदीपुरा येथे सापडलेल्या विषाणूचे उदाहरण बोलके आहे. २००३ साली आंध्र प्रदेशात मेंदूज्वराने ३२९ मुले आजारी पडली व १८३ दगावली. या साथीचा संबंध त्याच विषाणूशी जोडला गेला. कित्येक मुले दोन दिवसांच्या आतच गेली. पुढच्या हिवाळ्यात त्या गावी प्रश्नावली घेऊन जाणाऱ्यास एकही रुग्ण भेटला नसता.

जे वाचतात त्यांच्यापैकी काहींच्या ठायी संसर्ग निराळ्या नावाने उरतो. डुकराच्या मांसातून येणारा फीतकृमी ज्याच्या आतड्यात असतो, त्याच्या विष्ठेतील अंडी भाजीपाल्यावाटे वा पाण्यावाटे दुसऱ्याच्या पोटात जातात. अळ्या मेंदूत रुततात आणि झटके सुरू होतात. म्हणूनच जन्मभर मांस न शिवलेली माणसेही यातून सुटत नाहीत. गणतीत ती ‘अपस्मारा’खाली जातात.

इथे भाषेचा प्रश्न उभा राहतो, आणि तो वैद्यकाच्या अभ्यासकांपेक्षा वाङ्मयाच्या अभ्यासकांना अधिक ओळखीचा वाटावा. ‘अपस्मार’ म्हणजे स्मृतीचे हरपणे. हा शब्द ग्रंथातला. मराठी घरात तापाच्या भरात लहान मुलाला ‘आकडी’ येते, मोठ्याला ‘फेफरे’ येते आणि सुनेला बहुधा ‘बाहेरची बाधा’ होते. कन्नड खेड्यात ‘मूर्छे रोग’ म्हणतात. ‘घरात कुणाला फेफरे येते का?’ असे विचारले, तर लग्नाची मुलगी असलेल्या घरातून नकारच येणार. कुणी एकाएकी शुद्ध हरपून पडते का, हातपाय झटकते का, जीभ चावली जाते का, असे लक्षणांनी विचारले म्हणजे घर बोलू लागते.

आणि बोलता बोलता घरातली आजी सांगते, ‘लहानपणी ताप आला होता, तो डोक्यात गेला.’ रोगाची सारी पूर्वकथा या वाक्यात असू शकते. पाहणीच्या कागदावर मात्र रकाना झटक्यांचा असतो, त्या तापाचा नसतो.