हात लांब, नेमाचे काय?
बास्केटबॉलमधल्या उंच पोराचा बचाव जोखणे त्यामानाने सोपे. फ्रान्सच्या व्हिक्टर वेम्बन्यामाचे पसरलेले हात सुमारे 8 फूट भरतात. एनबीएच्या पहिल्याच हंगामात, 2023-24 मध्ये, त्याने सामन्यामागे सरासरी 3.6 फेकी अडवल्या. लांबून मारलेल्या तीन गुणांच्या फेकींपैकी मात्र जेमतेम एक तृतीयांश साधल्या. अशा वेळी जाणकार ‘फ्री थ्रो’ बघतात: अंतर ठरलेले, समोर आडवा हात नाही. तिथे तो 80 टक्क्यांजवळ होता, म्हणजे नेम सुधारायला वाव होता. पुढच्या हंगामात लांबचा आकडा 35 टक्क्यांवर गेलाही. पण फेब्रुवारी 2025 मध्ये या 21 वर्षांच्या खेळाडूच्या उजव्या, म्हणजे फेकीच्याच, खांद्याच्या शिरेत रक्ताची गुठळी सापडली. हंगाम तिथेच संपला. गुठळीवर रक्त पातळ करणारी औषधे देतात, आणि ती चालू असताना धक्काबुक्कीचा खेळ नको. रक्तस्रावाची भीती असते. ऑक्टोबरमध्ये तो पुन्हा मैदानात उतरला.